परग्रहवासीयाचे वाक्य पूर्ण होण्याआधीच वडील वारतात: या कथेतले हसू कसे सांभाळावे?

प्रश्न

गेले वर्षभर मी एक विज्ञानकथा लिहीत आहे आणि तिच्या शेवटापाशी अडले आहे. एका निवृत्त लघुलेखकाच्या घरी परग्रहावरचा एक जीव येऊन बसतो. तो कोणाला इजा करत नाही आणि काही मागतही नाही. ऐकून ऐकून तो मराठी शिकला आहे आणि त्याला या घराला काहीतरी सांगायचे आहे. मात्र त्याचे आयुष्य आपल्या मानाने इतके दीर्घ आहे की एक अक्षर उच्चारायला त्याला दोन वर्षे लागतात. मिनिटाला शंभर शब्द टिपून घेणारा हा माणूस तीस वर्षे वही घेऊन त्याच्यासमोर बसतो. एवढ्या काळात वहीत पंधरा अक्षरे जमतात: ‘आम्ही तुम्हा सर्वांना लवकरच इथून’. क्रियापद अजून यायचे असते आणि त्याआधीच वडील वारतात.

घरातल्यांनी लावलेल्या जागरणाच्या पाळ्या, लग्नाच्या बोलणीत ‘आमच्याकडे एक वाक्य चालू आहे’ असे सांगावे लागणे, ‘लवकरच’ या एका शब्दाला लागलेली दहा वर्षे, हा भाग वाचून माझे दोन्ही वाचक मनापासून हसले. पण ते वडिलांच्या मृत्यूलाही हसले आणि ते मला लागले. माझे स्वतःचे वडील शेवटच्या आजारात एक वाक्य अर्धे ठेवून गेले, त्यामुळे ही जागा मला विनोदावर सोडवत नाही. हसू आणि काळोख एकत्र ठेवायचे असतील तर मृत्यू कसा लिहावा? आणि शेवटी क्रियापद सांगून टाकावे का?

उत्तर १ (कथांचे संपादन करणारे एक वाचक)

आपण मृत्यू नेमका कोठे ठेवला आहे ते एकदा पाहावे. वडिलांनी सोळावे अक्षर टिपण्यासाठी पेन उचलले आणि त्याच क्षणी ते गेले, अशी रचना असेल तर ती विनोदाचीच रचना आहे, आणि तिथे हसणाऱ्या वाचकाला दोष देता येणार नाही. माझ्या मते ते एखाद्या साध्या मंगळवारी, पाळी संपवून झोपायला गेल्यावर, झोपेतच जावेत, आणि तेवढेच एका छोट्या वाक्यात सांगावे. पुढे मात्र घाई करू नये. त्याच संध्याकाळी पाळ्यांचा तक्ता नव्याने आखावा लागतो, कारण समोरचे अक्षर कोणासाठी थांबणार नाही. वडिलांची रात्री दहा ते दोनची वेळ कोणी घ्यायची, यावर भावंडांत वाद होतो आणि वाद चालू असतानाच मुलीला रडू कोसळते. वाचक इथे हसेल, पण तो माणसाला हसत नसेल. दुःखातही कामे वाटून घ्यावी लागतात, हे त्याने स्वतःच्या घरात पाहिलेले असते.

परग्रहवासीयाला क्रूर किंवा वेंधळा करू नये, अशी कळकळीची विनंती आहे. तो त्याच्या परीने जिवाचा आटापिटा करून घाईने बोलतो आहे, हे वाचकाला कळले पाहिजे. क्रियापद मात्र सांगू नये, असे मला वाटते.

उत्तर २ (खगोलशास्त्राची विद्यार्थिनी)

आपल्या कथेतली प्रतीक्षा मला अतिशयोक्त वाटली नाही. सूर्य सोडला तर सर्वांत जवळचा तारा सुमारे सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे तिथे कोणी असेल आणि त्याने क्षणाचाही विलंब लावला नाही, तरी एका प्रश्नाचे उत्तर मिळायला साडेआठ वर्षे जातील. १६ नोव्हेंबर १९७४ रोजी पोर्तो रिकोतल्या आरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून एम १३ या तारकागुच्छाकडे १६७९ द्विमान अंकांचा (म्हणजे शून्य आणि एक यांचा) संदेश पाठवला गेला. तो पाठवायला तीन मिनिटेही लागली नाहीत. पोहोचायला मात्र त्याला सुमारे २५,००० वर्षे लागणार आहेत. पाठवणाऱ्यांपैकी कोणीही उत्तर ऐकणार नव्हते आणि ते सर्वांना ठाऊक होते.

दुसरे उदाहरण मला त्याहून जवळचे वाटते. १९६७ साली केंब्रिजमध्ये जोसलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला दर १.३३ सेकंदांनी येणारे अत्यंत नियमित रेडिओ स्पंद सापडले आणि हे कोणा परग्रहवासीयांचे संकेत तर नसतील ना, ही शंकाही घेतली गेली. तिने पुढे सांगितले आहे की त्या वेळी ती वैतागली होती, कारण तिला पीएचडी पूर्ण करायची होती आणि या ‘हिरव्या बुटक्यांनी’, म्हणजे परग्रहवासीयांनी, नेमकी तिचीच अँटेना निवडली होती. ते स्पंद अखेर पल्सारचे, म्हणजे वेगाने फिरत ठरावीक अंतराने रेडिओ स्पंद देणाऱ्या ताऱ्याचे, निघाले. विश्वातली सर्वांत मोठी बातमी दाराशी आली असेल तरी माणूस आधी आपल्या प्रबंधाची काळजी करतो, आणि ती काळजी खरी असते. आपल्या पात्रांच्या चिंता अशाच राहू द्याव्यात.

एक शंका आहे. ज्याच्या एका अक्षराला दोन वर्षे लागतात, त्याला आपले बोलणे ऐकू येणारच नाही. माशीच्या पंखांची फडफड आपल्याला सुटी सुटी दिसत नाही, तसे ते होईल. त्याला फक्त वर्षानुवर्षे जागेवर राहणाऱ्या गोष्टी जाणवतील. म्हणून त्याला मराठी ऐकून नव्हे, तर लिहिलेल्यावरून शिकू द्यावे.

उत्तर ३ (दुभाषी)

मी सभांमध्ये मराठीतून इंग्रजीत समांतर भाषांतर करतो. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे वक्ता वाक्याच्या मध्यावर असतानाच मला त्याच्या क्रियापदाचा अंदाज बांधावा लागतो आणि अंदाज चुकला तर सर्वांसमोर शब्द मागे घ्यावा लागतो. आपल्या कथेतली भीती याच अंदाजात आहे. सोळावे अक्षर ‘ह’ येऊ द्यावे. मग ‘हलवू’ आणि ‘हटवू’ या दोन्ही शक्यता खुल्या राहतात, आणि या दोन शब्दांत केवळ मधल्या अक्षराचा फरक आहे. एक भाऊ सामान बांधायला घेईल, दुसरा मृत्युपत्र करील, आणि दोघेही आपापल्या परीने शहाणपणानेच वागत असतील.

क्रियापद सांगू नये, हे मत मला मान्य नाही. ते अवश्य सांगावे, आणि ते ‘हटवू’ असावे, कारण मराठी वाक्य तिथेही संपत नाही. ‘हटवू’नंतर ‘शकणार नाही’ येऊ शकते. ते येणार की वाक्य तिथेच पूर्ण झाले, हे कळायला किमान दोन वर्षांची शांतता ऐकावी लागेल, आणि तेवढ्यानेही खात्री होणार नाही, कारण तो केवळ श्वास घेण्यासाठी थांबला असेल. या शांततेत घरातल्या कोणाला मूल व्हावे असे मला वाटते. त्याची पाळी कधीपासून लावायची, हा प्रश्न आपोआप येईल.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

तिघांची मी मनापासून आभारी आहे. वडिलांचा मृत्यू मंगळवारच्या झोपेत नेला आणि तक्त्याचा वाद लिहून काढला. लिहिताना मला थांबावे लागले, त्यामुळे तो बरोबर जागी पडला असावा. ‘हटवू’ ठेवत आहे आणि कथा त्यानंतरच्या शांततेच्या चौथ्या महिन्यात थांबवत आहे.

लिखाणावरून शिकण्याची सूचना स्वीकारल्यावर आणखी एक गोष्ट सापडली. या घरात तीस वर्षे न हललेले एकच लिखाण आहे, ते म्हणजे दारावरची वडिलांच्या नावाची पाटी. पाहुण्याने पहिली अक्षरे तिच्यावरूनच गिरवली असणार आणि तो अजूनही त्यांच्याशीच बोलत असणार. भाऊ पाटी बदलायला निघतो तेव्हा मुलगी त्याच्या हातून स्क्रू काढण्याचा पाना घेते आणि वाक्य पुरे होऊ दे, असे सांगते.