एकाच घरात तीन उत्तरं, यांना नक्की म्हणायचं काय?

व्हॅलीतला_नवा:
टेक्सासला मॅकॅलनमधे येऊन आठ महिने झाले, मेक्सिकोची बॉर्डर इथून पंधरा मिनिटांवर. परवा कलीगच्या घरी तमाले करायला बसलो होतो, मक्याच्या कणसाच्या सालींवर पीठ थापायचं काम माझ्याकडे. आजी पन्नास वर्षं इथे राहून अजून स्वतःला मेहिकाना, म्हणजे मेक्सिकन, म्हणवते, कलीग मेक्सिकन-अमेरिकन, आणि त्याची पोरगी म्हणते मी व्हॅलीची, म्हणजे या रिओ ग्रांदे नदीकाठच्या भागाची, बस्स. आजी स्पॅनिशमधे विचारते, पोरगी इंग्लिशमधे उत्तर देते. वर कलीगचा भाऊ बॉर्डर पेट्रोलमधे, म्हणजे बॉर्डरवर गस्त घालणाऱ्या अमेरिकन पोलिसांत! मला काही झेपेना.

नदीकाठचा_काका:
आधी सगळ्यांना इमिग्रंट धरू नकोस रे. 1848 च्या अमेरिका-मेक्सिकोतल्या ग्वादालुपे हिदाल्गोच्या तहात रिओ ग्रांदे नदी हद्द ठरली तेव्हा बरीच मेक्सिकन घरं नदीच्या या बाजूला होतीच, ती मंडळी स्वतःला तेहानो म्हणवतात. आम्ही बॉर्डर ओलांडली नाही, बॉर्डरनेच आम्हाला ओलांडलं, हे तर तिथे पोरंसोरंही ऐकवतात. आणि बॉर्डर पेट्रोलमधे निम्म्याच्या आसपास लॅटिनोच आहेत, पक्की सरकारी नोकरी, पगार बरा, सोडतंय कोण.

बेळगावकर:
बॉर्डरने ओलांडलं 😀 आमचं 1956 चं.

एलपासोवाली:
पोरीच्या इंग्लिशला नावं ठेवू नका हं. 1918 ला टेक्सासने शाळेत इंग्लिश सोडून दुसऱ्या भाषेत शिकवणं गुन्हाच केला होता, 1969 पर्यंत तो कायदा होता. आमच्या शेजारच्या आजोबांनी स्पॅनिश बोलले म्हणून फळीचे फटके खाल्लेत, मग त्यांनी ठरवून मुलांशी इंग्लिशच बोलायला सुरुवात केली आणि आता नातवंडांना त्यांचेच नातेवाईक 'नो साबो' म्हणून चिडवतात, म्हणजे 'मला माहीत नाही' हेसुद्धा धड म्हणता येत नाही, बरोबर 'नो से' आहे ना. आधी मार बोलल्याबद्दल, आता चिडवणं न बोलल्याबद्दल. आमच्या एल पासोत तर सकाळी नदीपलीकडे मेक्सिकोतल्या हुआरेसमधे राहणारी पोरं युनिफॉर्म घालून पूल ओलांडून इकडच्या शाळेत येतात, पासपोर्ट अमेरिकेचा, घर मेक्सिकोत, आता त्यांना कुठल्या पिढीत बसवणार?

व्हॅलीतला_नवा:
पोरीलाच विचारलं शेवटी. म्हणाली, मेक्सिकोत मोंतेरेला मावसभावंडं ग्रिंगा, म्हणजे अमेरिकन बाई, म्हणतात, आणि सॅन अँटोनियोला कॉलेजला जाताना वाटेत फाल्फुरियासला बॉर्डर पेट्रोलच्या चेकपोस्टवर दरवेळी गाडी थांबवून विचारतात, यूएस सिटिझन? म्हटलं, मग काय सांगतेस? म्हणे येस सर म्हणते, आणि काका दिसला तर हात करते.