स्टिअरिंग हातात आलं की मी असा का होतो?

प्रश्न: एरवी मी कुणाला अरे-तुरे करत नाही. काल नवले पुलाच्या उतारावर एका पिकअपनं कट मारला आणि मी दोन किलोमीटर त्याच्या मागे लागलो. मागच्या सीटवर लेक कान झाकून बसली होती. हे कसं थांबवू?

उत्तर १: दादा, तो घुसला की माजोरडा, आपण घुसलो की घाईत. सगळ्यांचंच मन असं चालतं. काचेआड चेहरा दिसत नाही, म्हणून राग आणखी चढतो.

उत्तर २: मी २२ वर्षं ट्रक चालवला. शंभरच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर पुढे जाते. कट बसला की आधी ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, त्याला जाऊ द्यायचं.

प्रश्नकर्ता: आज तसंच केलं, काका. लेकीनं विचारलं, "बाबा, आज ओरडला नाहीस?"