फेरी चुकली, हीसुद्धा देवाचीच योजना?

चोडणची सून

गेल्या रविवारी पणजीला आमच्या मराठी उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, उभी राहिले आणि घरी पोचेपर्यंत नणंदेशी वाजलं. म्हणून इथे विचारते.

आधी ओळख. माहेर कोल्हापूरकडचं, घरात मराठी बायबल आणि मराठी गीतं. लग्न होऊन गोव्यातल्या चोडण बेटावर आले, सासर कॅथलिक, बोलणं कोंकणी. त्यामुळे तेर्स, म्हणजे संध्याकाळची जपमाळेची प्रार्थना, सगळ्यांबरोबर कोंकणीत आणि एकटी असले की प्रार्थना मराठीत. देवाची अजून तक्रार आलेली नाही.

2020 च्या मार्चमध्ये मी काम करत होते ते हॉटेल बंद झालं. जुलैत फोन आला, परत येऊ नका. खूप रडले, मग डबे सुरू केले. ऑक्टोबरात एके सकाळी सासूबाई विळीवर नारळ खवत होत्या. मी मागे वळले तर अर्धा नारळ हातातून सुटून घरंगळत दारापर्यंत गेलेला आणि त्यांचं तोंड एका बाजूला ओढलेलं. शेजारच्यांच्या गाडीत घालून धक्क्यावर आणलं, तर फेरीबोट सुटतच होती. फेरीवाल्याने आम्हाला पाहिलं आणि सोडलेला दोर परत अडकवला. अर्धांगवायूच्या अशा झटक्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आम्ही दीड तासात पोचलो होतो. आज सासूबाई काठी घेऊन चालतात आणि माझ्या आमटीला नावं ठेवतात.

साक्षीत मी एवढंच म्हटलं की नोकरी गेली तेव्हा देवाची योजना दिसत नव्हती, नंतर दिसली. मी कामावर असते तर त्या स्वयंपाकघरात एकट्या पडून राहिल्या असत्या. तेव्हापासून सकाळची फेरी डोळ्यांदेखत सुटली तरी मी 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' म्हणते आणि बाकावर बसते.

नणंद हौसेने आली होती ऐकायला. बाहेर पडल्यावर म्हणाली, "आईला वाचवायला देवाने तुझी नोकरी घालवली. मग आईला झटका कशाला दिला? नोकरीही राहिली असती आणि आईही." मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचतं का?

फोंड्याचा गणितमास्तर

नणंदेला माझा नमस्कार सांगा.

मी वर्गात एक खेळ करतो. फळ्यावर डोळे मिटून वीस ठिपके काढतो आणि मुलांना विचारतो, काय दिसतं? पाच मिनिटांत कुणाला हत्ती सापडतो, कुणाला गणपती, गेल्या वर्षी एकाला मुख्याध्यापक सापडले. ठिपके मी बघून काढलेले नसतात. मागे वळून रेषा ओढल्या की कुठल्याही आयुष्यात योजना दिसते.

दुसरं, ज्यांना हत्ती सापडत नाही ते साक्ष द्यायला उभे राहत नाहीत. त्या वर्षी नोकरी गेली आणि सासूही गेली, अशी बाई तुमच्या उपासनेत मागच्या बाकावर बसली असेल. तुमची साक्ष ऐकून तिने काय समजायचं?

आणि दोर परत अडकवला तो फेरीवाल्याने. इंजेक्शन दिलं डॉक्टरने. श्रेय मात्र वर गेलं.

पेडण्याची बाय

मास्तर, सगळं फळ्यावर मावत नाही हो.

आमच्याकडे देवाला प्रसाद लावतात. ओल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि उजवी पडते की डावी ते बघत बसायचं. लग्न, जमीन, नवीन बोअरवेल, सगळं तिथे. माझी आजी म्हणायची, प्रसाद होतो तो देवाचं मन कळायला नाही, आपलं मन कळायला. उजवी पडली आणि तरी पोटात गोळा आला, तर समजायचं की आपल्याला ते नकोच होतं. सूनबाई, तुमच्यात असं काही असतं का?

चोडणची सून

असतं की! डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट ठेवायचं. माझ्या आत्याने असं करून एक स्थळ नाकारलं होतं. बोट कुठे पडलं होतं ते तिने मरेपर्यंत सांगितलं नाही.

मिरजकर, सध्या वास्को

मी मिशनच्या आवारात वाढलो, वडील चर्चचे पाळक. त्यामुळे हा वाद आमच्या घरी जेवणाच्या पानावर होत असे. मी सूनबाईंच्या बाजूचा, पण भांडणार आहे त्यांच्याशीच.

आपल्या लोकांच्या घरात फ्रिजवर, कॅलेंडरवर, चहाच्या कपावर बायबलातलं एकच वचन असतं: यिर्मया 29:11. तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, या अर्थाचं. कपावर दहावं वचन कुणी छापत नाही. त्यात लिहिलंय, सत्तर वर्षांनी मी तुम्हाला परत आणीन. हे पत्र आहे, बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलेलं. ज्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं त्यातले बहुतेक जण परदेशातच मेले असणार. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा छातीठोक सांगतो की दोन वर्षांत सगळं परत मिळेल. लोकांना अर्थातच दोन वर्षांवाला आवडला. खोटा तो ठरला.

आणि सत्तर वर्षं करायचं काय? तेही त्याच पत्रात आहे. घरं बांधा, मळे लावा, त्यांची फळं खा, पोरांची लग्नं करा, ज्या शहरात नेऊन ठेवलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. थोडक्यात, डबे सुरू करा. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' हा आरोप आमच्यावर नेहमी होतो, म्हणून सांगितलं. त्या पत्रात खाटलं नाही, कुदळ आहे.

माझं भांडण 'नंतर दिसली' या शब्दांशी आहे. सासूबाई वाचल्या नसत्या तर योजना नव्हती असं म्हटलं असतं का?

चोडणची सून

हा प्रश्न नणंदेच्या प्रश्नापेक्षा वाईट आहे.

जुना रायतूरकर

मी निवृत्त माणूस, इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, सावलीत वाढलेला. मिरजकरांच्या शेवटच्या प्रश्नावर एक गोष्ट. इथे सगळ्यांनी ऐकलेली, पण तिचा शेवट नीट कुणी बघत नाही.

3 डिसेंबरला जुने गोव्याला फेस्त असतं ते संत फ्रान्सिस झेवियरचं. 2024 च्या नोव्हेंबरपासून 2025 च्या जानेवारीपर्यंत त्याचं शवदर्शन होतं तेव्हा मीही रांगेत उभा होतो, गुडघे धरून. हा माणूस 6 मे 1542 ला गोव्यात उतरला. शेवटी मनात एकच होतं, चीनला जायचं. किनाऱ्याजवळच्या एका बेटापर्यंत पोचला. परदेशी माणसाला आत शिरायला बंदी होती, म्हणून एका चिनी व्यापाऱ्याशी ठरवलं होतं, तो गुपचूप होडीतून नेणार होता. वाट बघत बसला. व्यापारी आलाच नाही. ताप भरला आणि 3 डिसेंबर 1552 ला तिथेच गेला, चीनच्या मुख्य भूमीवर पाऊल न ठेवता. सूनबाई, तुमची फेरी चुकते, त्याची होडी आलीच नाही. ज्या दिवसाचं फेस्त आपण करतो तो दिवस त्याच्या हिशेबाने अपयशाचा. विश्वास आणि निकाल यांची गाठ घालायची नसते, हे मला तिथून कळलं.

फोंड्याचा गणितमास्तर

रायतूरकर सर, वयाचा मान ठेवून, गोष्ट अर्धी सांगितलीत. याच माणसाने 1546 साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, मागितलं होतं. ते आलं 1560 साली, म्हणजे तो गेल्यावर, आणि मधली काही वर्षं सोडली तर 1812 पर्यंत चाललं. आमचे पूर्वज देव पाठीवर घेऊन खाडी ओलांडून फोंड्याच्या बाजूला आले. आज तुम्ही जी देवळं बघायला येता ती त्यातून उभी राहिली.

मला फेरीच्या बाकावर बसून प्रार्थना करणाऱ्या बाईची भीती वाटत नाही. भीती वाटते ती देवाचा हेतू आपल्याला कळलाय असं खात्रीने वाटणाऱ्या माणसाची, त्याच्या हातात शिक्का आला की.

जुना रायतूरकर

पत्र खरं आहे. नाकारत नाही. संत होता म्हणून त्याचं प्रत्येक पत्र संताचं होत नाही.

फक्त एवढं बघा, तो चुकला ते खात्री होती तेव्हा. बेटावर वाट बघत होता तेव्हा त्याच्याकडे खात्री नव्हती, शिक्काही नव्हता. मी त्या बेटावरच्या माणसापुढे गुडघे टेकतो. तुम्ही नका टेकू.

सांजवात

हे गोव्याच्या इतिहासावर गेलं आता. दोनशे प्रतिसाद नक्की.

म्हापसेकर

नाही जाणार. मला बोलायचंय.

माझा मुलगा 19 वर्षांचा असताना दुचाकीच्या अपघातात गेला. चार वर्षं झाली. सातव्या दिवसाच्या मिसाला, म्हणजे प्रार्थनेला, इगर्ज भरली होती. बाहेर रांगेत हात हातात घेऊन लोक काय काय म्हणाले ते मला पाठ आहे. देव चांगल्यांनाच लवकर नेतो. त्याची काहीतरी योजना असेल. तुला अजून कळणार नाही, पुढे कळेल. एक जण म्हणाला, देवाला वर एका चांगल्या पोराची गरज असेल. मी त्याला विचारलं, तुझी दोन आहेत ना?

कोंकणीत कुणाचे आभार मानायचे तर 'देव बरें करूं' म्हणतात. दिवसातून पन्नास वेळा तोंडात येतं, बसवाल्याला, मासे विकणाऱ्या नुस्तेवालीला, औषधवाल्याला. त्यानंतर मला ते म्हणता येईना. एकदा म्हापशाच्या बाजारात नुस्तेवालीने सुटे पैसे परत दिले आणि सवयीने 'देव' एवढंच तोंडातून आलं. पुढचं येईना. ती बघत राहिली.

सूनबाई, तुमच्या साक्षीवर माझा राग नाही. पण मागच्या बाकावर माझी बायको असती तर उठून गेली असती.

चोडणची सून

काका, दोन दिवस लिहायला धीर झाला नाही.

तुम्हाला समजावण्यासारखं माझ्याकडे काही नाही. मी जे म्हटलं ते कुठे चुकीच्या जागी म्हटलं, ते तुमच्यामुळे दिसलं, एवढं सांगते. बायबलात योसेफाची गोष्ट आहे. भावांनी खड्ड्यात टाकलं, विकलं, पुढे तो मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, मोठा अधिकारी झाला. शेवटी भावांना म्हणतो, तुम्ही माझं वाईट योजलंत, देवाने त्यातून चांगलं योजलं. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय. पण तो हे म्हणतो अगदी शेवटी, कित्येक वर्षांनी, आणि स्वतःबद्दल. तो खड्ड्यात असताना काठावर उभं राहून कुणी त्याला हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बहुतेक त्या भावांपैकीच कुणीतरी.

मिरजकर, सासूबाई गेल्या असत्या तर मी काय म्हटलं असतं ते मला माहीत नाही. प्रार्थना केली असती एवढं माहीत आहे. शब्द तेच असते का, ते नाही.

आणि नणंदेला मी काल म्हटलं, झटका देवाने दिला असं मला वाटत नाही. पडझडीतून तो काहीतरी उभं करतो एवढंच मी धरून आहे. ती म्हणाली, मग आधीच असं बोलायचं ना.

फोंड्याचा गणितमास्तर

हे आधीपेक्षा बरं आहे. तरी सर्वशक्तिमान म्हणायचं आणि पडझड त्याची नाही म्हणायचं, हे गणित माझ्याकडे सुटत नाही. शून्याने भागताय.

मिरजकर, सध्या वास्को

मास्तर, तेच गणित बायबलातल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाने घातलं होतं आणि देवाने ते सोडवून दिलं नाही. त्या पुस्तकात मला पटतो तो भाग वेगळा. तीन मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर बसतात, एक शब्द बोलत नाहीत. तोपर्यंत उत्तम मित्र. आठव्या दिवसापासून देवाची बाजू मांडायला लागतात, आणि शेवटी देव रागावतो तो त्यांच्यावरच.

म्हापसेकर

ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती.

आमच्या वाड्यावर एक म्हातारी आहे, हिंदू. ती सात नाही, चांगले वीस-बावीस दिवस आली. सकाळी नऊला पेजेचं तोपलं घेऊन यायची, मागच्या दारी ठेवायची, आणि माझ्या बायकोशेजारी बसून कीड लागलेले तांदूळ निवडायची. निवडून झाले की जायची. मी एकदा तांदळाच्या डब्यात बघितलं तर ती निवडलेलेच परत निवडत होती.

पेडण्याची बाय

अगो बाय.

फोंड्याचा गणितमास्तर

सूनबाई, एक राहिलं. त्या फेरीवाल्याला तुम्ही कधी सांगितलंत का, सासूबाई वाचल्या म्हणून? की साक्ष फक्त उपासनेत?

चोडणची सून

नाही सांगितलं. रोज दिसतो. इतकी वर्षं झाली, नावही विचारलेलं नाही. लाज वाटली वाचून.

चोडणची सून

आज विचारलं. सासूबाईंनी केलेल्या दोदोलाचा, म्हणजे आमच्याकडच्या गोड पदार्थाचा, तुकडाही नेला होता, केळीच्या पानात. सगळं सांगितलं, ऑक्टोबर, गाडी, दोर. त्याला काहीच आठवेना. मी पुन्हा सांगायला लागले तर म्हणाला, "बाय, हांव सदांच कोणाखातीर तरी रावतां," म्हणजे मी नेहमीच कुणासाठी तरी थांबतो, आणि दोदोल खिशात टाकून दोर सोडायला गेला.