कबड्डीच्या पोरांना पॉवर क्लीन शिकवावी की नाही?

खाडीकाठ
मालवणजवळच्या आमच्या मंडळाच्या शेडमध्ये 20 किलोचा एक दांडा आणि एकूण 100 किलोच्या लोखंडी प्लेटा आहेत. खाऱ्या हवेने दांडा गंजतो, म्हणून दर रविवारी खोबरेल तेलाचा बोळा फिरवतो. पोरं 17 ते 22 वयाची. आली की थेट बेंच प्रेसवर आडवी, मग आरशासमोर बायसेप्स. पायांचा व्यायाम म्हटला की सगळ्यांना घरची कामं आठवतात. मॅटवर मात्र पहिल्या पावलालाच पकडली जातात.

माझ्या मते चार लिफ्ट पुरेत: पॉवर क्लीन (वेटलिफ्टिंगमधली, जमिनीवरचा दांडा एका झटक्यात खांद्यापर्यंत उचलायची), स्क्वॅट, पुल-अप आणि मागचा पाय बाकावर ठेवून एका पायाची स्क्वॅट. बेंच आठवड्यातून एकदा, तेही शेवटी.

रेड 30 सेकंदांची असली तरी निसटायचा झटका सेकंदाच्याही आतला असतो. पूर्ण जोर लागायला स्नायूला 0.3 सेकंदापेक्षा जास्त वेळ लागतो आणि जोरात पळताना पाय तेवढा वेळ जमिनीवर टेकतच नाही. म्हणजे ताकद आहे, पण वेळेवर बाहेर येत नाही. क्लीनमध्ये घोटा, गुडघा आणि कंबर एकदमच सरळ व्हावी लागते. दांडा रेंगाळला तर खांद्यापर्यंत पोचतच नाही, तिथे लबाडी चालत नाही. पाच सेट, प्रत्येकी तीनच रेप्स (म्हणजे तीनदाच उचलायचं), मध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती. पंधरा-पंधरा रेप्स मारून दम वाढेल, झटका नाही.

चिपळूणकर_जिमवाला
दादा, क्लीन नीट बसायला महिने जातात. तोवर पोरं दांडा हाताने ओढतात, मनगट आणि कंबर दुखवून घेतात. शिवाय लोखंडी प्लेटा टाकणार कुठे, शेडच्या लादीवर? रबरी प्लेटा असतील तर बोला. केटलबेल स्विंग (कडीचं वजन पायांमधून पुढे झुलवणं) एका आठवड्यात येतो, झटका कंबरेतूनच लागतो. त्याला बॉक्स जंप आणि मेडिसिन बॉल (जड चेंडू) फेकण्याची जोड द्या. बॉल हातातून सुटतो, म्हणून शेवटपर्यंत वेग वाढवता येतो. बेंचमध्ये दांडा हातातच राहतो, त्यामुळे वर पोचण्याआधी शरीर आपोआप ब्रेक लावतं. वेटलिफ्टिंग हा स्वतंत्र खेळ आहे हो. तुमची पोरं कबड्डी खेळतात.

रापणकार
आमच्या वेळेक ह्या काय नव्हता. सकाळी रापणीचा जाळा किनाऱ्यार ओढूचा, सांजेक वाळूत कबड्डी. दंड-बैठका मारल्यो की झाला. माका कोण पकडीत नाय होतो. आताची पोरां आरशात बघून दमतत.

खाडीकाठ
काका, तुमच्या पकडीबद्दल वादच नाही. पण रापण ओढताना कुणी झटका मारतो का? सगळे पाय रोवून, एका तालात, दोर घेत मागे सरकतात. त्याने पाठ आणि मूठ घडते. घोटा धरणाऱ्या डिफेंडरला ते सोनं आहे. रेडरला त्याच्या उलट पाहिजे.

बैठकांचंही तसंच. दोनशे बैठका मारणारा पोरगा माझ्याकडे आहे. उभ्याने उडी मारायला सांगितली तर गुडघ्याएवढ्या स्टुलावर चढताना अडखळला.

जिमवाले, लादीचा मुद्दा खरा. आम्ही दांडा टाकत नाही, मांडीवर घेऊन खाली ठेवतो. त्यामुळे 50 किलोच्या पुढे जाता येत नाही, हे मान्य.

फिजिओताई_कुडाळ
दोघेही पुढच्या झटक्यावरच भांडताय. माझ्याकडे कबड्डीवाले बहुतेक मांडीच्या मागच्या स्नायूची तक्रार घेऊन येतात. रेडर पाय लांब टाकतो, कुणीतरी तो धरतो, आणि ताणलेल्या स्नायूवरच ओढाताण होते. गुडघ्यावर बसा, मागून कुणाला तरी घोटे दाबून धरायला सांगा आणि शरीर सरळ ठेवून सावकाश पुढे झुका. याला नॉर्डिक म्हणतात. सामानाचा खर्च शून्य, आणि घोटे धरायला कबड्डीत माणसं कमी नाहीत! सुरुवातीला तीन-चार रेप्सच, नाहीतर दुसऱ्या दिवशी पोरं जिना उतरणार नाहीत.

आणि एका पायाची स्क्वॅट काढू नका. दोन पायांवर स्क्वॅट करताना मजबूत पाय कमजोर पायाची बाजू बिनबोभाट सांभाळून घेतो.

चिपळूणकर_जिमवाला
ताईंचं पटलं. क्लीनचं अजून नाही. 50 किलोवर अडकलेल्या क्लीनपेक्षा खांद्यावर 20 किलोचा नुसता दांडा घेऊन मारलेल्या उड्या बऱ्या. शिकवायला काही लागत नाही.

खाडीकाठ
असं करतो. जुन्या तिघांना क्लीन, नव्या सहा जणांना दांड्याच्या उड्या. दिवाळीपर्यंत दर पंधरा दिवसांनी भिंतीवर खडूने उडीची उंची मांडतो. नॉर्डिक सगळ्यांना.

रापणकार
खडू पावसात पुसतलो. कोळशान मार.