साताऱ्याचे कंदी पेढे नक्की कुठून घ्यायचे?

मीरा_ठाणे:
नमस्कार मंडळी, पुढच्या शनिवारी कासला चाललोय, बुकिंग झालंय. माझी आजी मूळची साताऱ्याची, ८४ वर्षांची आहे, तिच्यासाठी कंदी पेढे आणायचेत. मागच्या वेळी हायवेवरच्या एका दुकानातून घेतले तर नुसती साखर, वर चौथ्या दिवशी बुरशी, आजीने तुकडा तोंडात टाकला आणि "हे आपले नव्हेत गं" म्हणून डबा बाजूला सारला, फार वाईट वाटलं. खरे कुठे मिळतील?

शाहूनगरीकर:
ताई, हायवेवर घेऊच नका, गावात या. गाडी राजवाड्यापाशी लावा, मोती चौकात लावायचा नाद सोडा, आणि चालत जा. मोदी, लाटकर ही जुनी नावं, कुणाचे चांगले यावरून घराघरात वाद, आमच्याकडे लाटकर. पण चव बघूनच घ्या, मागितली की देतात. म्हशीच्या दुधाचा खवा खरपूस भाजला की पेढ्याला तांबूस रंग येतो आणि साखर बेताचीच लागते. पेढा मोडून बघा, आत बारीक रवाळ असला, बोटाला तूप लागलं, भाजल्याचा वास आला की डोळे झाकून घ्या. पांढरट चिकट दिसला तर पुढच्या दुकानात जा.

विशाल_कराड:
वरच्यांना अनुमोदन. फक्त सकाळी चव घ्या आणि खरेदी परतताना करा, कासचा रस्ता तसाही समर्थ मंदिर, बोगदा, यवतेश्वर घाट असा गावातूनच जातो. दिवसभर बंद गाडीत डबा तापला की पेढ्यांची वाट लागते. आणि गरम मिळाले तर लगेच झाकण लावू नका, वाफ आत धरते आणि मग बुरशी येते.

मीरा_ठाणे:
खूप आभार दोघांचे! आजीला दात नाहीत, फ्रिजमध्ये ठेवले तर चालेल का?

शाहूनगरीकर:
अजिबात नको, कडक होतात. बाहेरच ठेवा, कोरडा चमचा वापरा. नीट भाजलेले असतील तर चार-पाच दिवस काही होत नाही. कडक झालेच तर कोमट दुधात कुस्करून द्या, माझी आई तसंच खाते.

मीरा_ठाणे:
काल रात्री पोचलो. दोन दुकानांत चव घेतली, अर्धा-अर्धा किलो दोन्हीकडून आणले, कागदी खोक्याला तुपाचा डाग पडलाय. आजीने पेढा आधी नाकाशी धरला, मग मोडला, काहीच बोलली नाही, दुसरा मागितला.