आत्याला विचारलं म्हणून दोघं एकत्र राहिली

उघड्यावर पडलेलं मूल कुणाकडे राहावं हे ठरवायला नातेवाईकांची बैठक घेतली की जमिनीचीच भांडणं निघतात, त्यापेक्षा बाल कल्याण समितीने, म्हणजे अशा मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीने, परस्पर ठरवावं, असं काही जण म्हणतात. भांडणं होतात हे खरं. पण म्हणून त्यांना वगळू नका. आमच्या तासगावात शेजारची दोन भावंडं आई गेल्यावर उघड्यावर पडली, बाप दारूत. थोरली चुलत्याकडे, धाकटा मामाकडे, असं जवळजवळ ठरलंच होतं. आत्या दाराशी बसून होती, द्राक्षाच्या विरळणीवरून तशीच आलेली, हाताला अजून चिकट डाग. कुणीतरी तिला विचारलं तेव्हा म्हणाली, "धाकटा बहिणीच्या ओढणीचं टोक मुठीत धरल्याबिगर झोपत न्हाई. तोडू नका त्यास्नी." दोघंही आज तिच्याकडेच आहेत.

न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्यातच कुटुंबाच्या अशा बैठकीची सोय केली. त्यात अधिकारी काही वेळ बाहेर थांबतात आणि घरचे आपसात बोलतात. आपल्याकडे राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेत नातेवाईकांकडे राहणाऱ्या मुलालाही महिन्याला २२५० रुपये मिळू शकतात. खर्च झेपणार नाही म्हणून गप्प बसणाऱ्या मावश्या-आत्यांना हे बैठकीआधीच सांगायला हवं. आमच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.