पहिलीच गुंतवणूक : उलवे की घोडबंदर? हप्ता किती झेपवावा?

नमस्कार मंडळी, ऐरोलीत स्वतःच्या घरात राहतो. भाड्याने द्यायला एक वन बीएचके घ्यायचाय. नवी मुंबईतल्या उलव्यात बांधकाम सुरू असलेला बजेटमध्ये बसतो, पण वर ५ टक्के जीएसटी आणि ताबा मिळेपर्यंत भाडं शून्य. महारेरावर (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे) नोंदणी, ताब्याची तारीख बघितलीय. ठाण्यातल्या घोडबंदरचा रिसेल, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आहे, भाडेकरूही आत आहे. हप्ता मात्र भाड्याच्या दुपटीहून जास्त. बँक तयार आहे, पण बँकेला चालतं ते मला झेपेलच असं नाही. बायको म्हणते, घर दोन-तीन महिने रिकामं राहिलं तरी आपल्याला शांत झोप लागली पाहिजे. मला ते मनापासून पटतं. तुम्ही पहिल्या वेळी पगारातला किती हिस्सा हप्त्यात जाऊ दिला? मेंटेनन्स धरून हाताशी किती रक्कम ठेवली? आणि उलव्यातलं सिडकोच्या लीजवरचं (भाडेपट्ट्याच्या जमिनीवरचं) घर पुढे विकताना ट्रान्सफर चार्जेसचा (हस्तांतरण शुल्काचा) अनुभव कसा आहे? कृपया सांगा.